काउंट काय सांगतो, बिल्ला काय सांगतो

कॅथलॅबमध्ये, एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांची अधूनमधून रक्ततपासणी होते. रक्तपेशींचा काउंट नॉर्मल आला की माणूस निर्धास्त होतो. या निर्धास्तपणाची मला काळजी वाटते.

किरणोत्सर्गाचा मार आधी बसतो तो भराभर विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे अस्थिमज्जेवर. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तर इतक्या नाजूक, की विभागत नसतानाही किरणांनी मरतात. मोठा डोस एकदम बसला, तर एकदोन दिवसांतच त्यांची संख्या घसरते. न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट पुढच्या काही आठवड्यांत उतरतात. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिनवर परिणाम उशिरा दिसतो. 2010 मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात कोबाल्ट-60 उघडे पडले, तेव्हा कामगारांच्या अस्थिमज्जेला असाच मार बसला. त्यांतला एकजण दगावला.

पण रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, म्हणजे सीबीसीत, ठळक फरक दिसायला साधारण 500 मिलिसिव्हर्ट डोस थोड्या वेळात सगळ्या शरीराला बसावा लागतो. आपल्याकडे कामगारांसाठीची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे आणि कुठल्याही एका वर्षात 30. मर्यादेच्या दुप्पट डोस वर्षभरात थोडाथोडा बसला, तरी काउंट नॉर्मलच येईल. म्हणून डोस मोजायचा तो छातीवरच्या टीएलडी बिल्ल्याने. त्यातल्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्यांतून प्रकाश निघतो आणि त्यावरून डोस कळतो. हा बिल्ला ड्रॉवरमध्ये पडून राहिला, तर त्याची भरपाई कुठलीही रक्ततपासणी करू शकत नाही.

मग रक्त तपासायचे कशाला? त्या माणसाचे स्वतःचे नेहमीचे आकडे हाताशी असावेत म्हणून. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार कामावर घेताना आणि पुढे किमान दर 3 वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइटची नुसती टक्केवारी पाहू नये. एकूण पांढऱ्या पेशी 6,000 आणि लिम्फोसाइट 25 टक्के, म्हणजे प्रत्यक्षात 1,500. तेच 25 टक्के 3,600 पेशींतले असतील, तर 900च, म्हणजे कमी.

काउंट कमी आला की लगेच किरणांवर ठपका ठेवायचा नाही. डेंगी, साधा व्हायरल ताप, स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनीही तो हलतो. डॉक्टर आधी हे विचारतात, काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात, रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, बिल्ल्याचा अहवाल मागवतात. संशय उरलाच, तर गुणसूत्रांची तपासणी होते: लिम्फोसाइट सुमारे 48 तास वाढवून त्यांतली तुटून चुकीची जुळलेली, दोन गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर) असलेली गुणसूत्रे मोजतात. यात 100 मिलिसिव्हर्टच्या आसपासचा डोसही पकडता येतो.

नोकरी बदलताना जुने काउंट आणि बिल्ल्याच्या नोंदी मागून घ्याव्यात. नव्या ठिकाणचा डॉक्टर तुलना करणार ती त्यांच्याशीच.