जुन्या डिझेल जीपचा हीटर गरम हवा देत नाही? दोष कोठे शोधावा

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत पहाटेची थंडी कशी असते हे तेथील शेतकरी बंधूंना सांगावयास नको. निफाड परिसरात काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा वेळी पहाटे तीन-चारला भाजीपाला भरून बाजार समितीकडे निघालेल्या जीपच्या पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. चालक एका हाताने स्टिअरिंग धरतो व दुसऱ्या हातातील फडक्याने काच पुसतो. समोरून उसाची बिनदिव्याची ट्रॉली येत असेल तर हे किती धोक्याचे आहे, याचा विचार आपणच करावा. काचेवरची ही वाफ घालविण्यासाठीच गाडीत हीटर दिलेला असतो. मात्र दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत बटण फिरवूनही कोमट किंवा थंड हवाच येते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आपल्याकडे वर्षातून दोनच महिने हीटर लागतो म्हणून ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. वास्तविक पुष्कळदा थंड हीटर ही इंजिनातील दोषाची पहिली सूचना असते, आणि इंजिनाचे नुकसान मात्र बाराही महिने चालू राहते.

हीटर काम कसे करतो?

हीटरमध्ये वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारे पाणी हेडमधून तापून निघते. त्यातील थोडे पाणी अंगठ्याएवढ्या जाड रबरी पाइपाने डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरमध्ये जाते व दुसऱ्या पाइपाने वॉटर पंपाकडे परत येते. या छोट्या रेडिएटरमधून ब्लोअर हवा फेकतो, ती गरम होऊन पायाशी किंवा काचेवर येते. म्हणजे गरम हवेसाठी तीन गोष्टी लागतात. इंजिनाचे पाणी पुरेसे तापले पाहिजे, ते छोट्या रेडिएटरमधून वाहिले पाहिजे आणि हवा त्यातून गेली पाहिजे. यांपैकी कोणती गोष्ट बिघडली आहे हे ओळखले की निम्मे काम झाले.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. डिझेल इंजिन नुसते उभे चालू ठेवले असता फार सावकाश तापते. बिनभाराच्या चालीत ते डिझेल थोडे जाळते आणि हवा मात्र भरपूर ओढते. त्यामुळे अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून हीटर बिघडला असा निष्कर्ष काढू नये. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून मगच तपासणी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तर कटाक्षाने टाळावे. तेथे साठणारा धूर प्राणघातक ठरू शकतो.

पहिली तपासणी हातानेच

इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते व ते उसळून तोंड-हात भाजतात. पाणी कमी असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर पाण्याऐवजी हवेने भरतो. डॅशबोर्डमागे खळखळ आवाज येणे, ॲक्सिलरेटर दाबल्यावर हवा गरम लागणे आणि गाडी थांबताच ती थंड होणे, ही त्याची ओळख आहे. अशा वेळी गाडीचे तोंड चढावर करून हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे, थंड इंजिनात पाणी भरावे व झाकण उघडे ठेवून इंजिन हळू चालवावे. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी पुरवीत राहावे व पाणी गरम होऊन वर येऊ लागण्याआधी झाकण लावावे. वारंवार पाणी कमी होत असेल तर ते कोठे जाते हे शोधल्याशिवाय राहू नये. वॉटर पंपाखाली ओघळ, चालकाशेजारील पायपुसणे चिकट-ओले होणे किंवा काचेवर तेलकट थर येणे ही गळतीची चिन्हे होत. बुडबुडे काही केल्या थांबत नसतील, इंजिन ऑइल दुधी दिसत असेल व सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी व गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

पाणी पुरेसे असेल तर गाडी चालवून आणावी, इंजिन बंद करावे आणि हीटरचे दोन्ही पाइप सांभाळून चाचपावेत. चालू इंजिनावर वाकताना मफलर किंवा उपरणे पंख्यात अडकते, म्हणून इंजिन बंद करण्याचा आळस करू नये.

दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे, दोष हवेच्या बाजूला आहे. बहुधा गरम-थंड हवेची झडप फिरविणारी तार निसटलेली असते, नाही तर ब्लोअरच्या तोंडाशी पाला व धूळ साचलेली असते. हे काम किरकोळ आहे. एक पाइप गरम व दुसरा थंड असेल तर छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा पाण्याचा कॉक उघडत नाही. दोन्ही पाइप कोमट असतील तर मात्र थर्मोस्टॅटकडे लक्ष द्यावे. आणि कधी कधी पाइप चाचपायला जावे तर ते आत गेलेलेच नसतात! पूर्वी कधी तरी गळती लागली म्हणून गॅरेजवाल्याने दोन्ही टोके एकमेकांना जोडून दिलेली असतात. जुनी गाडी विकत घेतली असल्यास हे आधी पाहावे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये

इंजिन थंड असताना पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणे, हे थर्मोस्टॅटचे काम. त्याच्या डबीत मेण असते. ठराविक तापमानाला, पुष्कळ इंजिनांत सुमारे ८२ अंशांना, ते वितळून फुगते व झडप उघडू लागते. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट कशाला हवा’ असे म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आपल्या गॅरेजांत सर्रास आहे. माझ्या मते गाडीवर व ट्रॅक्टरवरही होणारा हा सर्वांत महागडा ‘फुकटचा’ उपाय आहे. इंजिन थंडच चालते, डिझेल नीट जळत नाही, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते आणि रिंगा व लायनर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढल्यास काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच फिरत राहते व उन्हाळ्यात इंजिन उलट जास्तच तापते.

थर्मोस्टॅट आहे की नाही, आणि असल्यास उघडाच अडकला आहे का, हे ओळखणे सोपे आहे. थंड इंजिन सुरू करून लगेच निघावे व दोन-तीन किलोमीटरवर थांबून रेडिएटरचा वरचा जाड पाइप चाचपावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी तापतो. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत असेल व तापमानाचा काटा खालीच रेंगाळत असेल तर दोष सापडला. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून तापवावा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला व थंड झाल्यावर पूर्ण मिटला तर चांगला. नवा घेताना छापील आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेशी जुळवावा व पॅकिंगही नवे घालावे.

बोअरचे पाणी आणि हळद

छोटा रेडिएटर तुंबण्याचे कारण बहुधा आपणच ओतलेले असते. ठिबकच्या ड्रिपरमध्ये बोअरचे पाणी क्षारांचे कसे पांढरे पुट चढविते हे आपण पाहिले आहे. मग हीटरच्या अरुंद नळ्यांत, तेही तापलेल्या पाण्यातून, काय होत असेल? त्यात रेडिएटरची गळती थांबविण्यासाठी मूठभर हळद टाकण्याचा आपल्याकडील जुना उपाय. हळद गळतीच्या छिद्रात बसते तशीच हीटरच्या नळ्यांतही बसते. आडरानात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरते हे ठीक, पण नंतर रेडिएटर दुरुस्त करून सर्व पाणी बदलणे आवश्यक आहे.

तुंबलेला छोटा रेडिएटर धुण्यासाठी थंड इंजिनावर त्याचे दोन्ही पाइप सोडवावेत. ज्या तोंडातून पाणी बाहेर येते त्यातून उलट दिशेने साधे पाणी हलक्या दाबाने सोडावे व स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. फवारणीच्या एचटीपी पंपाचा दाब कधीही देऊ नये, सांधे फुटतात. ठिबकसाठी वापरतो ते आम्लही घालू नये. अनेक गाड्यांत हा भाग ॲल्युमिनियमचा असतो व आम्ल तो खाऊन टाकते. धुऊनही फरक पडला नाही तर भाग बदलावा लागतो, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने मजुरी जास्त पडते.

पुन्हा भरताना बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी व कुलंट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. कुलंट केवळ बर्फाळ प्रदेशासाठी असतो हा गैरसमज आहे. तो गंज रोखतो व पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवितो.

काढलेले जुने कुलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये. ते चवीला गोड असल्याने कुत्री व वासरे ते चाटतात, आणि ते विषारी असते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे व पुढच्या फेरीत गॅरेजवर द्यावे.