श्वानवीर्य आणि कापलेलं सफरचंद

मेसमध्ये कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं. लिंबू पिळलं तर उशिरा पडतं. श्वानाचं वीर्य गोठवतानाही साधारण हाच प्रश्न येतो. (हसू नका, विषय जीवशास्त्राचाच आहे!)

मेरठला आपल्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात लष्करी श्वान तयार होतात. असा एखादा उत्तम श्वान गेला तरी त्याचं वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकू शकतं. गोठलेल्या वीर्यापासून कुत्रीला गर्भ राहिल्याची पहिली नोंद १९६९ची.

अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल मिसळूनही गोठवताना व वितळवताना बऱ्याच शुक्रपेशी मरतात. ऑक्सिजनचे आक्रमक रेणू त्यांच्या आवरणातल्या असंतृप्त मेदावर तुटून पडतात. शुक्रपेशीत पेशीद्रव नावापुरताच, त्यामुळे संरक्षक विकरंही थोडीच. जणू दारूगोळा संपत आलेली चौकी. म्हणून ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, कॅटालेज अशा अँटिऑक्सिडंटची कुमक द्रावणात घालून पाहतात. पण ती जास्त झाली तर अपायच, कारण फलनासाठी तयार व्हायला शुक्रपेशीला तेच आक्रमक रेणू थोडेसे लागतात! मला हे सगळ्यात आवडलं.

वितळवल्यावर किती पेशी पोहतात हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं. पिल्लं होतात का, हे कळायला मात्र दोन महिने थांबावं लागतं.