घराची पत्रिका

लग्नात पत्रिका पाहतात, हे ठाऊक होते. घराचीही पाहतात, हे गृहकर्जाचा अर्ज केल्यावर कळले! पगाराचा दाखला, फॉर्म १६, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा—माझी पत्रिका जुळली. पण घरमालकाने ती जागा घेतली तेव्हाचा मूळ करारनामाच गहाळ! इकडे विसारासाठी सौ.च्या बांगड्या मोडलेल्या. अखेर त्यांनी पोलिसांत तक्रार नोंदवली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून करारनाम्याची प्रमाणित नक्कल आणली. तेव्हा कुठे बँक हलली.

वाचकहो, विसाराआधी जुन्या करारांच्या मूळ प्रती डोळ्यांनी पाहा. आणि कर्ज फिटताच आपले कागद मागून घ्या. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई! सौ.ने ती तारीख आतापासूनच वहीत लिहून ठेवली आहे.