ट्यूनरात न मावणारा सूर

तेलंगणातलं केसलापूर, इंद्रवेल्ली मंडल. पौष अमावास्येची रात्र. नागोबाच्या देवळात मेसराम कुळाच्या गोंडांची महापूजा चालली आहे आणि बाहेर वडाखाली परधान वाजंत्री थंडीला दाद न देता वाजवताहेत. माझ्यासोबत यवतमाळचा एक गिटारवाला आहे. स्वतःच्या रॉक बँडसाठी नवा आवाज शोधत तो इथवर आलाय.

तो मोबाइलवरचं ट्यूनर पेपऱ्यासमोर धरतो. पेपरे सनईच्याच जातीचं, पण लग्नातल्या सनईचा गोडवा त्यात नाही. ॲम्प पूर्ण वाढवल्यावर गिटार फाटते तसं ते फाटतं, कानात घुसतं. ट्यूनरची सुई दोन स्वरांच्या मधे नुसती थरथरते. वरून कालिकोम ही तुतारी, खालून ढोल.

“बाबा, कोणता सूर लावलाय?” तो पेपरे वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारतो.

“कायचा सूर, बाबू? देवाचं वाजवनं हाय हे.”

मराठीच! इथल्या परधानांची घरची भाषा मराठी, आणि देवांच्या कथा ते गातात गोंडीत, कारण ज्यांच्यासाठी गायचं ते गोंड. कुळाचा परधान ठरलेला असतो. त्या कुळाची उत्पत्तिकथा त्याच्या गळ्यात, आणि तिच्या बदल्यात धान्य, कापड, कधी जनावर. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात हे नातं बारकाईनं टिपलं.

बँडवाल्यांचं तसं नाही; त्यांना प्रभाव विचारले की ते नावांची यादी देतात. ‘इंडियन ओशन’ बँडच्या राहुल राम यांना ‘मा रेवा’ हे गाणं मात्र नर्मदा आंदोलनात, माणसांत राहून मिळालं. २०००च्या ‘कंडिसा’ अल्बममध्ये ते आलं. आमचा गडी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून निघायच्या बेतात आहे. मला ते पटत नाही, आणि मी तसं सांगतो. तो चिडतो, पण बसतो.

ढोल थांबतात. बाबा तीन तारांची किकरी मांडीवर घेतात, गज घासून पाहतात, आणि अचानक विचारतात, “तुमचं बँड कोनाच्या घरचं वाजवते?”

“घरचं नाही, बाबा. कॅफेत वाजवतो.”

“कॅफेवाला कोन लागते तुमचा?”

गिटारवाला हसतो. बाबा उत्तरासाठी थांबलेत.