प्रश्नपत्रिका एक, परीक्षार्थी अनेक

सामाईक परीक्षेचे खरे आकर्षण तिच्या समतेत आहे. कारकुनाचा मुलगा आणि डॉक्टरांची कन्या एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडवितात. उत्तरे तपासणाऱ्या यंत्राला नाव, गाव वा वशिला ठाऊक नसतो. महाविद्यालयागणिक वेगळ्या प्रवेशपरीक्षांपेक्षा ही व्यवस्था अधिक निकोप आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु सर्वांना एकच प्रश्न विचारला म्हणजे सर्वांना समान न्याय मिळाला, असे मानणे मात्र धाडसाचे ठरते. विज्ञानाच्या परीक्षेत तर विशेषच.

वैद्यकीय प्रवेशासाठी ५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेतील भौतिकशास्त्राचा एक प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, अशा आशयाचे एक विधान त्यात होते. राष्ट्रीय पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ते तसेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आले होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, तेव्हा नवी आवृत्ती बरोबर होती. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आरंभी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर ग्राह्य ठरविले आणि त्यानुसार निकाल सुधारण्यात आला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दुसरे उत्तर लिहिले होते. त्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि चुकीच्या उत्तरासाठी आणखी एक गुण वजा झाला. ७२० पैकी ७२० गुण मिळविणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

हा निर्णय विज्ञानाच्या दृष्टीने निर्दोष होता. सत्य बहुमताने ठरत नाही. नव्या आवृत्तीवरून अभ्यास करावा, अशी सूचना विद्यार्थ्यांना होतीच, असेही म्हणता येईल. पण थोरल्या भावंडाचे पुस्तक धाकट्याने वापरावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे आणि ती काटकसरीची आहे, आळसाची नव्हे. दोष प्रथम ते चुकीचे वाक्य वर्षानुवर्षे छापणाऱ्यांचा, आणि नंतर नेमक्या त्याच वाक्यावर प्रश्न काढणाऱ्यांचा. शिक्षा मात्र त्या पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्याला झाली. एका शब्दाने गुणवत्ता यादी ढवळून निघत असेल, तर ती यादी आकलनाची किती आणि आवृत्तीची किती, हा प्रश्न उरतोच.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत ‘जडत्व’, ‘संवेग’, ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दांत विचार करतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच तेच ज्ञान त्याला प्रामुख्याने इंग्रजीतून मिळू लागते. प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे स्वागतार्ह आहे; परंतु दोन वर्षे इंग्रजीतून शिकलेल्याला तिचा उपयोग तो किती? शिवाय अनुवादात संदिग्धता निघाली, तर इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो.

प्रयोगशाळेची गोष्टही तशीच. दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिकाचे गुण शाळेतच दिले जात असल्याने ते बहुधा सढळ हाताने पडतात. त्यामुळे ज्या शाळेत ब्युरेटला मुलांचा हात लागतो ती आणि जिथे ते कपाटातच राहते ती, या दोन शाळांतील अंतर गुणपत्रिकेवर उमटत नाही. ते पुढे उघडे पडते, आणि तेव्हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीला दिला जातो.

म्हणून सामाईक परीक्षा रद्द करावी, असा याचा अर्थ नव्हे. ती रद्द झाल्यास वशिला पुन्हा आत शिरेल आणि त्याची झळ याच मुलांना सर्वाधिक बसेल. मात्र पाठ्यपुस्तकातील दुरुस्ती शाळाशाळांपर्यंत वेळेत पोहोचावी, वादग्रस्त प्रश्न परीक्षेपूर्वीच विषयतज्ज्ञांच्या चाळणीतून गाळले जावेत, अकरावी-बारावीचे विज्ञान मराठीतूनही शिकण्याची सोय व्हावी आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा बाहेरच्या परीक्षकासमोर व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. तराजू सर्वांसाठी एकच असावा हे खरे. पण मापात खोट नाही, याची खातरजमा करण्याची जबाबदारी तराजू धरणाऱ्याचीच असते.