परवाना आहे, औषध कुठे आहे?

गांजा औषध म्हणून कायदेशीर करावा का, या वादात एक बाजू शंकराचा दाखला देते, दुसरी 'पोरं बिघडतील' म्हणते. कायदा उघडून फारसं कोणी बघत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातलं कलम 8 बंदी घालतं आणि तिथेच वैद्यकीय व शास्त्रीय वापराला वाट ठेवतं. लागवडीपासून विक्रीपर्यंत नियम करण्याचा अधिकार कलम 10 ने राज्यांना दिला आहे, चरस वगळून. शेंड्यांशिवायची पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा तिला गाठतो.

हाच वाद इंग्रजांनीही घातला होता. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवाने पुरेत, असं सांगितलं. आज आयुर्वेदाच्या दाराने भांग 'विजया' नावाने औषधांत येतेच. जातिफलादि चूर्णात ती असते. पण परंपरा म्हणजे पुरावा नव्हे.

गोव्यात 2020 च्या डिसेंबरात औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने हिरवा कंदील दाखवला, विरोधक तुटून पडले आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंतांनी विषय गुंडाळला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. ठराव 27 विरुद्ध 25 असा निसटता पास झाला. व्हिएन्नात हो, पणजीत नाही!

मुंबईत या प्रश्नाचा कस लागतो तो परळला. टाटा हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथावर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना वाद नको असतो. केमोनंतरची ओकारी थांबायला हवी असते, रात्री झोप लागायला हवी असते. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली गोळी, ड्रोनाबिनॉल, अमेरिकेत केमोच्या ओकारीसाठी मंजूर झाली तीही 1985 मध्येच. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी गांजातल्याच सीबीडी या घटकाचं औषध 2018 मध्ये आलं. कॅन्सरच्या वेदनेवर मात्र पुरावा तोकडा आहे, आणि गांजाच्या तेलाच्या बाटलीवर 'वेदनामुक्ती' छापणाऱ्यांनी हे लपवू नये.

वेदनेचं जुनं, खात्रीचं औषध मॉर्फिन. ते ज्या अफूपासून बनतं, ती मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते. कायद्याने वैद्यकीय वापर कधीच अडवला नव्हता. तरी 1985 नंतर देशातला खप कोसळला. राज्याराज्यांचे वेगळे नियम, एका औषधासाठी चार-पाच परवाने, वर तुरुंगाची धास्ती. रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. शेवटी 2014 च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक' मादक औषधांचे नियम केंद्राकडे घेतले, देशभर एक परवाना केला. एकोणतीस वर्षं! एवढ्या काळात किती जण कण्हत गेले, त्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

गांजाचं तेच व्हायचं नसेल तर लागवडीच्या परवान्यापासून सुरुवात करू नये. उत्तराखंडाने 2018 पासून तो मार्ग धरला, पण त्यांचा भर धाग्या-बियांवर. महाराष्ट्राने आधी प्रमाणित मात्रेच्या औषधांच्या चाचण्या सरकारी रुग्णालयांत कराव्यात, चिठ्ठी कोणत्या डॉक्टरने लिहायची हे ठरवावं, आणि तोवर जिल्हा रुग्णालयांत मॉर्फिनची गोळी तरी मिळेल असं बघावं. तिला नवा कायदा लागत नाही.