खुल्या मैदानावरील वाद्यवृंदाची ध्वनियोजना

प्रस्तावना : हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) येथे खुल्या मैदानावर वाद्यवृंदाचा कार्यक्रम योजताना गाण्याचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविणे हे ध्वनियोजनेचे मुख्य उद्दिष्ट ठरते. शब्द अस्पष्ट झाले की आवाज वाढविला जातो. वस्तुतः दोष बहुधा मांडणीत असतो.

विवेचन : खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. स्पीकरपासून ५ मीटरवर ९४ डेसिबल असणारा आवाज ४० मीटरवर सुमारे ७६ डेसिबल उरतो. म्हणून स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवून त्यांचा रोख मागील रांगांकडे ठेवावा.

स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरल्यास कर्कश शिट्टी उमटते. ती टाळण्यासाठी मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस ठेवावेत. कार्डिऑइड माईक पाठीमागून येणारा ध्वनी अत्यल्प ग्रहण करतो. सबब गायकाचा मॉनिटर माईकच्या पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवावा. सुरू असलेल्या माईकची संख्या दुप्पट झाल्यास शिट्टीविना मिळणारी आवाजवाढ सुमारे ३ डेसिबलने कमी होते. यास्तव वापरात नसलेले माईक बंद ठेवावेत. मिक्सरवर प्रथम गायकाचा आवाज निश्चित करून वाद्ये त्याखाली राखावीत.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. शासनाने सवलत दिलेले दिवस वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई आहे.

समारोप : योग्य मांडणीमुळे कमी आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात. श्रोत्यांचे कान व गावाची झोप या दोहोंचे रक्षण त्यातूनच साधते.